मागचं दार

अण्णा आमच्या पुण्याच्या फ्लॅटवर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी हॉल बघितला, किचन बघितलं, दोन्ही बेडरूम बघितल्या, बाथरूमचे नळ सोडून बघितले, आणि परत हॉलमधे येऊन विचारलं, "मागचं दार कुठाय?" म्हणलं अण्णा, फ्लॅटला मागचं दार नसतं. "मग कचरा कुठनं काढता?" पुढनंच. "आणि कामाला येतात त्या मावशी?" त्या पण पुढनंच. पुढे ते काही बोलले नाहीत, पण पोरीनं वीस वर्षांचं कर्ज काढून अर्धंच घर घेतलंय असं स्पष्ट चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. आम्ही नवरा-बायको नंतर किचनमधे जाऊन हसलो.

२०१२ ला पझेशन मिळालं तेव्हा पडद्यांच्या आधी, पंख्यांच्या आधी, पहिला खर्च केला तो ग्रिलचा. शेजारच्या विंगमधे त्याच महिन्यात एक फ्लॅट फुटला होता, भरदुपारी, आणि मग काय, सगळी सोसायटी ग्रिलवाल्याच्या मागे. त्याने बाल्कनीला बॉक्स ग्रिल केलं, सगळ्या खिडक्यांना केलं, बाथरूमच्या त्या एवढ्याशा खिडकीला पण केलं जिच्यातनं मांजरसुद्धा अंग चोरून आलं असतं. दाराला नाइट लॅच, वर कडी, खाली कडी, मधे साखळी, आयहोल, आणि बाहेरच्या बाजूला लोखंडी सेफ्टी डोअर, त्याचं कुलूप वेगळं, किल्ली वेगळी. हे सगळं झाल्यावर मी दार लावून घेतलं आणि सोफ्यावर बसले, सोफा म्हणजे तेव्हा जमिनीवर टाकलेली गादीच होती, आणि इतकं भारी वाटलं ना, की आता कोणाची टाप आहे आत यायची. आपल्याला घाईनं बाहेर जायचं झालं तर काय, हा प्रश्न डोक्यात आला नाही. कोणाच्याच येत नाही. मला तर तो पुढची नऊ वर्षं आला नाही, आणि मी अशा घरात वाढलेय जिथे हा प्रश्न रोज रात्री दार लावताना यायचा.

सांगलीत आमचं घर गावभागात. वाडा म्हणायची पद्धत आहे पण फार मोठा वगैरे नाही, खाली चार खोल्या, मधे छोटा चौक, वर माडी. पुढचं दार मात्र खऱ्या वाड्याचं, सागवानी, मोठमोठे खिळे ठोकलेलं, त्याच्यातच वाकून जायचा दिंडी दरवाजा, आणि रात्री आतनं घालायचा अडसर. अडसर म्हणजे भिंतीतल्या भोकात सरकवून ठेवलेला जाड लाकडी ओंडका, रात्री ओढून दारावर आडवा घ्यायचा. लहानपणी मला आणि दादाला मिळून तो ओढावा लागायचा आणि ओढल्यावर जो ठप्प आवाज यायचा त्याने दिवस संपला असं वाटायचं. मागे परसदार. परसात विहीर, पेरूचं झाड, धुण्याचा दगड, आणि तिथनं बोळात निघायची वाट. या परसदाराला आजीनं आयुष्यभर कुलूप लावू दिलं नाही.

त्याला कारण कोयनेचा भूकंप. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून वीस मिनिटं झाली असतील. अण्णा तेव्हा पंधरा वर्षांचे. आजी सांगायची की आधी फडताळातली भांडी वाजली, तिला वाटलं मांजर, मग देवघरातली समई पडली, मग सगळ्यांना एकदम कळलं आणि सगळे पुढच्या दाराकडे धावले, कारण बाहेर जायचं म्हणजे पुढच्या दारानं ही सवय. आणि अडसर निघेना. चौकट थोडी कलली असणार, तो ओंडका ना मागे ना पुढे. आजोबा ओढतायत, थोरले काका ओढतायत, वरनं माती पडतेय, कोणीतरी रामरक्षा म्हणतंय. आजीनं धाकट्या आत्याला कडेवर मारलं, अण्णांच्या बखोटीला धरलं आणि मागे वळून परसदारानं सरळ विहिरीपाशी जाऊन उभी राहिली, मग तिथनं ओरडली, "इकडं या की मेल्यांनो, तिथं काय करताय!" आजोबांना मेल्या म्हणल्याची ती एकमेव नोंद आहे असं अण्णा सांगतात. तिकडे कोयनानगरला त्या पहाटे दीडशेच्या वर माणसं गेली, आमच्याकडे भिंतीला एक तडा गेला तेवढंच. पण आजीचा नियम झाला की परसदाराला रात्री नुसती कडी, आणि कडी पण अशी पाहिजे की अंधारात चाचपडत पोरानं ओढली तरी निघावी. आजोबा म्हणायचे चोर येईल. आजी म्हणायची, "येईल तर घंगाळ नेईल. घंगाळ गेलं तर सुतक धरावं लागत नाही."

मला वाटतं घराच्या सुरक्षेवर मी आजवर जे काही ऐकलं वाचलं त्यात याच्यापेक्षा शहाणं काही नव्हतं, पण आजी होती चौथी शिकलेली त्यामुळे आम्ही ते विनोद म्हणून सांगत राहिलो.

१९९३ ला मी नववीत होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जनाहून दमून आलेली माणसं गाढ झोपलेली, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी. आमच्या शाळेतनं कपडे, धान्य गोळा केलेलं आठवतंय, पेपरात ते दगडांचे ढिगारे आठवतायत. तेव्हा वाटायचं की भूकंपानं माणसं मारली. पुष्कळ नंतर वाचलं की भूकंप ६.२ चा होता, त्याच्याहून मोठे दुसरीकडे होतात आणि इतकी माणसं जात नाहीत. मारलं घरांनी. दोन-दोन, अडीच-अडीच फुटी दगडी भिंती, आतला थर वेगळा, बाहेरचा थर वेगळा, मधे नुसता दगडमातीचा भराव, दोन्ही थरांना बांधून ठेवणारे लांब जोडदगड बहुतेक ठिकाणी नाहीतच, आणि वर मातीचं माळवद, वर्षानुवर्षं गळती थांबवायला माती टाकून टाकून जड झालेलं. खिडक्या नावाला. अशी भिंत हलली की दोन्ही थर फुटून अलग होतात आणि वरचं सगळं झोपलेल्या माणसांवर. ज्यांची कुडाची, पत्र्याची हलकी घरं होती ती माणसं त्या मानाने वाचली. म्हणजे बघा, ज्याचं घर गावात सगळ्यात भक्कम, ऊन लागत नाही, चोर भिंत फोडू शकत नाही, तोच जास्त धोक्यात झोपलेला. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता, पण तो किल्लारीसाठी आला, माझ्या बॉक्स ग्रिलकडे बघून आला नाही.

मग आला २०१९ चा ऑगस्ट.

सांगलीत पाणी फुटात मोजतात. आयर्विन पुलाला ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, आणि सांगलीच्या माणसाला स्वतःच्या लग्नाची तारीख आठवणार नाही पण कुठल्या साली किती फूट हे तोंडपाठ. २००५ च्या महापुरात पाणी आमच्या दुसऱ्या पायरीला लागून परत गेलं होतं, त्यामुळे अण्णांचा हिशोब पक्का की कृष्णामाई दुसऱ्या पायरीच्या वर येत नाही. मी रोज फोन करायची की निघा. सूर्यवंशी प्लॉट बुडला, दत्तनगर बुडलं, कर्नाळ रोड बंद झाला, तरी अण्णांचं एकच, "घर मोकळं टाकून कसं जायचं गं?" मारुती चौकात पाणी आलं, घर मोकळं टाकून कसं जायचं. रिकामी घरं बघून लोक बोटीतनं येऊन कुलपं फोडतायत असं गल्लीत कोणीतरी सांगितलेलं, खरं खोटं देव जाणे, पण ते वाक्य पाण्याच्या आधी घराघरात शिरलं आणि मग कितीतरी म्हातारे माडीवर बसून राहिले. आई म्हणली मी यांना सोडून जात नाही. झालं.

दुसरी पायरी गेली, चौथी गेली, घरात कमरेएवढं पाणी. आयर्विनला त्या वर्षी ५७ फुटांच्या वर गेलं. लाइट गेलेले. अण्णा फोन बंद ठेवायचे आणि सकाळी आठ आणि रात्री आठला पाच मिनिटं चालू करायचे, ती पाच मिनिटं मी पुण्यात हातात फोन धरून उभी. पुढचं सगळं आईनं नंतर सांगितलेलं. अण्णांनी काय केलं, तर माडीच्या जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकली, हातात काठी, मांडीवर बॅटरी, गळ्यात शिट्टी, माजी एनसीसी ना, आणि रात्रभर पहारा. तिसऱ्या रात्री खालनं आवाज आला. ठक. थोडा वेळ काही नाही. परत ठक, ठक. कोणीतरी भिंतीला धरून चालल्यासारखं. अण्णा उभे राहिले, काठी उचलली, "कोण आहे रे!" आवाज थांबेना. आई मागे मेणबत्ती घेऊन उभी. आणि तिला वास आला.

सिलेंडर होता. स्वयंपाकघरातला, तरंगत तरंगत भिंतीवर आपटत होता. घरातला साधा १४.२ किलोवाला सिलेंडर भरलेला असला तरी पाण्यावर तरंगतो हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. घाईत सामान वर नेताना रेग्युलेटर बंद करायचा राहिला होता आणि सिलेंडर वाहायला लागल्यावर शेगडीकडची नळी निसटली. हा गॅस हवेपेक्षा जड, तो वर उडून जात नाही, खाली खाली साठत राहतो, म्हणजे पाण्याच्या वर, जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर, अंधारात, आणि वर जिन्याच्या तोंडाशी माझी आई पेटती मेणबत्ती घेऊन. तिनं फुंकर पण मारली नाही, वात सरळ दोन बोटांत चिरडली, बोटं भाजली, आणि अण्णांना म्हणली, "बॅटरीचं बटण दाबू नका." माडीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि दोघं गच्चीच्या बाजूला जाऊन अंधारात बसून राहिली सकाळपर्यंत. आईला हे कुठनं सुचलं? तर गॅसच्या पुस्तिकेत मागे लिहिलेलं असतं ना वास आला तर लाइटची बटणं चालू-बंद करू नका, ते तिनं एकदा वाचलं होतं. आमच्या घरात ती पुस्तिका वाचणारी ती एकटीच.

मला ते चित्र डोळ्यासमोरनं जात नाही. अण्णा काठी घेऊन जिन्याखालच्या चोराची वाट बघतायत.

पाचव्या दिवशी आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्या तेव्हा निघाली, तरुण मंडळाची पोरं बोट घेऊन आली त्यातनं. त्याच पुरात ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली, माणसं जास्त झाली होती, बायका-पोरं गेली. ती बातमी टीव्हीवर चालू होती आणि मला माहीत होतं की माझे आईवडील पण अशाच कुठल्यातरी बोटीत बसणारेत. उशिरा निघणाऱ्याला बोट निवडता येत नाही. अण्णांवर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, आणि घरातनं काय चोरीला गेलं विचाराल तर काहीही नाही. फ्रिज, कपाटं, पुस्तकं, आजोबांचा हार्मोनियम, सगळं पाण्यानंच नेलं.

आता आमची अक्कल. २०२१ चा जानेवारी, रात्री दीड. नवऱ्याला जळकट वास आला, प्लास्टिकचा. लाइट गेलेले. खाली मीटर रूम पेटली होती. आमच्या मीटर रूमच्या शेजारी जिन्याखाली कोणाची तरी बंद पडलेली स्कूटर, फ्रिजचे खोके, आणि गणपतीच्या डेकोरेशनचं सगळं थर्माकोल दरवर्षीचं नीट रचून ठेवलेलं. नवऱ्याने लाकडी दार उघडलं आणि जिन्यातला काळा धूर सरळ हॉलमधे. सेफ्टी डोअरची किल्ली जागेवर नाही. मी अंधारात ड्रॉवर उपसतेय, लेक रडतेय, नवरा ते लोखंडी दार गदागदा हलवतोय. आजोबा आणि अडसर! मला तेव्हा खरंच ते आठवलं, त्या धुरात. किल्ली मिळाली नाही. आणि खरं सांगायचं तर ती मिळाली नाही म्हणून आम्ही धड राहिलो, कारण ज्यांना मिळाली ते जिन्यात गेले आणि जिना म्हणजे त्या वेळी धुराडं. दुसऱ्या मजल्यावरचे काका तिथेच घुसमटून बसले, त्यांना दोन दिवस ॲडमिट करावं लागलं. वरचे लोक वर पळाले तर टेरेसला कुलूप, कारण कॉलेजची पोरं वर जाऊन बसतात म्हणून मीटिंगमधे ठराव करून लावलेलं, किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी गावाला. आम्ही लाकडी दार परत लावून घेतलं, फटीत ओल्या चादरी कोंबल्या, बाल्कनीत गेलो आणि ग्रिलला तोंड लावून उभे राहिलो तिघं. प्राणीसंग्रहालयात असतात तसे.

फायर ब्रिगेड आली, आग मोठी नव्हती, लगेच विझली, धूरच जास्त. त्यातल्या एकाने खालनं टॉर्च मारला आमच्या बाल्कनीवर आणि विचारलं, "ग्रिल उघडतं का?" नवरा म्हणला नाही. तो वैतागून म्हणला, "चोराला बंद करता करता आम्हाला पण बंद करून ठेवलंय तुम्ही लोकांनी."

पुढच्या आठवड्यात मी फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं. तोच, २०१२ वाला, आता दुकान मोठं झालेलं. म्हणलं बाल्कनीच्या ग्रिलला एक खिडकी पाडून दे, माणूस बाहेर निघेल एवढी. तो माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, लोक बंद करायला बोलावतात. उघडायला बोलावणाऱ्या तुम्ही पहिल्या." दोन बाय दोन का अडीच बाय अडीच यावर चर्चा झाली, नवऱ्याच्या पोटाकडे एक नजर टाकून तो म्हणला अडीच करू. बिजागरी आतनं, वर उघडेल की बाजूला, कुलूप कसलं. मग सगळ्यात अवघड प्रश्न, किल्ली कुठे. ती बाल्कनीच्या दारापासून हातभर अंतरावर पाहिजे, बाहेरनं ग्रिलमधनं हात घातला तर पोचायला नको, अंधारात चाचपडून सापडायला पाहिजे, आणि लेकीचा हात पोचायला पाहिजे, ती तेव्हा नऊची. नवरा म्हणला, तिसऱ्या मजल्यावर खिडकी उघडून करणार काय, उडी मारणार? म्हणलं उडी नाही मारायची, शिडी आली तर तिला आत यायला जागा पाहिजे, आणि कोणीच आलं नाही तर निदान डोकं बाहेर काढून श्वास घेता आला पाहिजे. त्यावरनं दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच भिंतीत खिळा ठोकला, लेकीला उभं करून, तिच्या उंचीला. किल्लीला लाल रिबीन. खरं म्हणजे हे सगळं मी लिहितेय ते त्या खिळ्यासाठीच. सेफ्टी डोअरची किल्ली पण आता तिथेच, दुसऱ्या खिळ्यावर, आणि ती कोणी खिशात घालून गेलं तर घरात महाभारत.

बाकीचं काही फार नाही, रात्री गॅस रेग्युलेटरपाशी बंद, एक अग्निशामक सिलेंडर किचनच्या बाहेर ठेवला, आत नाही, कारण आग किचनमधे लागली तर आत जाऊन कोण आणणार. फ्रिजवर कागद, ११२, १०१, १०८ आणि गॅसगळतीचा १९०६, हातानं लिहिलेला कारण फोन बंद पडला की फोनमधले नंबर पण बंद. जिन्याखालचं थर्माकोल हलवायला दोन मीटिंगा आणि एक भांडण लागलं. टेरेसचं कुलूप काढायला चार मीटिंगा. मंडळी म्हणाली पोरं बसतील. म्हणलं बसू देत, घंगाळच नेतील. कोणाला काही कळलं नाही.

आणि काठी? काठीचं मी काय करू हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. कारण चोर नसतातच असं थोडीच आहे. बाजूची विंग फुटली होतीच ना. माझा मामेभाऊ वकील आहे, त्याला एकदा जेवताना विचारलं की घरात कोणी घुसलं आणि आपण हाणलं तर? तो म्हणला स्वतःचा, दुसऱ्याचा जीव आणि मालमत्ता वाचवायचा हक्क कायद्यात पहिल्यापासून आहे, आधी आयपीसीत ९६ ते १०६, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४, आणि रात्री घर फोडून आत घुसणाऱ्याच्या बाबतीत तो हक्क बराच पुढे जातो. पण गरजेपुरतंच, तो म्हणला, आणि तिथनं पुढे भात बाजूला सारून बोट नाचवत समजावलं, की पोलिसांना बोलवायला वेळ असेल तर हक्क नाही, तो पळाला, त्याच्या मागे धावून रस्त्यात गाठून मारलंस तर मग आरोपी तू. मी म्हणलं रात्री दीड वाजता एवढं सगळं सुचेल का? तो म्हणला म्हणून तर दार चांगलं लाव आणि आतनं ११२ लाव, मर्दानगी नको. लेकीच्या कराटेच्या सरांचं पण थोडंफार हेच, पहिल्या महिनाभर त्यांनी पोरींना नुसतं ओरडायला आणि हात सोडवून पळायला शिकवलं. आया नाराज होत्या की फी घेऊन पळायला काय शिकवतात, त्यांना पोरींनी फरशा फोडायला पाहिजे होत्या. मिरचीची पूड पर्समधे ठेवणाऱ्या एका मैत्रिणीनं एकदा घरीच प्रयोग करून बघितला, पंखा चालू होता.

काठीची भीती मला वेगळ्याच कारणाने वाटते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाड्याला भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज त्या दिवसांत व्हॉट्सॲपवर फिरत होते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण आला होता तो, फोटोसकट, आणि मी स्वतः, खोटं कशाला बोलू, तो माहेरच्या ग्रुपवर पुढे ढकलला होता, "काळजी घ्या" लिहून, खाली हात जोडलेले. मारणाऱ्यांना पण वाटत असणार की आपण आपली पोरं वाचवतोय, स्वसंरक्षणच चाललंय. तेव्हापासून "संशयास्पद इसम" म्हणून कोणाचा फोटो ग्रुपवर आला की माझ्या पोटात गोळा येतो, आणि तो इसम बहुतेक वेळा कुरियरवाला निघतो.

२०२१ च्या जुलैत परत कृष्णेला पाणी चढायला लागलं. मी फोन करायच्या आधी अण्णांचाच फोन, "पस्तीस झालंय. निघतोय आम्ही." मला खरं वाटेना. घराचं काय? "परसदाराला कडी घातलीय, पुढं कुलूप. कपाटं सताड उघडी ठेवलीत, आत काय नाही, उगाच कोणी दारं नको फोडायला, २०१९ नंतर नवीन केलीत. सिलेंडर माडीवर नेऊन बांधलाय. मेन स्विच पाडलाय." एका प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, पासबुकं, आधार, रेशनकार्ड, महिन्याच्या गोळ्या, आणि आईचं मंगळसूत्र तिच्या गळ्यात. ही पिशवी आता वर्षभर भरलेलीच असते, आई तिला पुराची पिशवी म्हणते. त्या वर्षी पण पाणी ५० च्या पुढे गेलंच, आणि अण्णा आमच्या हॉलमधे बसून टीव्हीवर आयर्विन बघत होते, काठी मात्र बरोबर आणलेली. ती मी सेफ्टी डोअरच्या मागे उभी करून ठेवली, त्यांना बरं वाटावं म्हणून.

त्याच मुक्कामात लेकीनं टूम काढली की आजी-आजोबांना पण प्रॅक्टिस द्यायची. आम्ही तिघं दर दोन महिन्यांनी एकदा करतो, लाइट बंद करायचे, घड्याळ लावायचं, कोण कुठनं निघतं बघायचं. तिने अण्णांना सगळं समजावलं, लिफ्ट नाही वापरायची, जिन्यात धूर असला तर परत आत, धूर नसला तर सरळ खाली गेटपाशी, चप्पल शोधायची नाही, काही घ्यायला मागे वळायचं नाही. अण्णांनी एनसीसीत उभं राहतात तसं उभं राहून ऐकलं. रविवारी सकाळी सातला तिने शिट्टी मारली, अण्णांचीच शिट्टी, आणि आम्ही निघालो. मी, नवरा, लेक खाली गेटपाशी. मिनिटभराने अण्णा आले, धापा टाकत, पण चेहरा एकदम खूश, चप्पल घातलेली.

"किती लागले?" त्यांनी विचारलं.

लेक म्हणली दोन मिनिटं वीस सेकंद, आजोबा, एवढा वेळ काय करत होता?

"कुलूप लावून आलो," अण्णा म्हणले आणि खिशातनं किल्ली काढून दाखवली. "घर मोकळं टाकून कसं यायचं?"

म्हणलं अण्णा, आई कुठाय?

ते एकदम गप्प. वॉचमन पण आमच्याकडे बघायला लागला. तेवढ्यात वरनं आवाज आला, "अहो!" बघतो तर तिसऱ्या मजल्यावर ग्रिलची खिडकी सताड उघडी, त्यातनं आईचं डोकं बाहेर, हातात लाल रिबीनीची किल्ली. ती गॅस बंद करायला आत गेली होती.